मागचं स्वयंपाकघर: कामाच्या नोंदी

3 नोव्हेंबर 2024, रविवार

आज भाऊबीज. भाऊ जेवायला बसला आणि वर मांजर पळालं तसं कौलातनं मातीचं ढेकूळ थेट त्याच्या ताटाशेजारी पडलं. तो म्हणाला, ताई आता बास, उन्हाळ्यात काम काढाच. हे म्हणाले उन्हाळ्यात कशाला, थंडीत स्लॅब चांगला भिजतो, दिवाळी झाली की लगेच काढू. म्हणजे ठरलं. मागं जिन्याचं काम केलं तेव्हा कुणाला किती दिले, काय बोलणं झालं होतं, ह्यातलं नंतर कुणालाच नीट आठवेना आणि घरात वाद झाले, म्हणून ह्यावेळी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवते.

घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, सासऱ्यांनी 1984 ला बांधलेलं. पुढच्या दोन खोल्या विटांच्या, वर स्लॅब. मागं स्वयंपाकघर आणि बाथरूम, त्यावर मंगलोरी कौलं. पावसाळ्यात तीन ठिकाणी पातेली मांडायला लागतात.

लेक आणि मी लॉकडाऊनपासून ते घरं बदलायचे परदेशी कार्यक्रम बघतोय. टेक्सासमधल्या वेको गावातल्या नवरा-बायकोचा फिक्सर अप्पर, मग प्रॉपर्टी ब्रदर्समधले ते दोघे कॅनडाचे जुळे भाऊ. मला हे कार्यक्रम मनापासून आवडतात, पडकं घर तासाभरात उभं राहताना बघून डोळे भरून येतात. लेकीनं तर यादीच करून ठेवलीय: मधली भिंत काढून ओपन किचन, पांढऱ्या टाइल्स, लटकती फळी. आमचं बजेट पाच लाख, वेळ दीड महिना. हा दीड महिना आम्ही कुणाला विचारून धरलेला नाही, टीव्हीवर सहा-सात आठवडे म्हणतात त्यावरनंच डोक्यात बसलाय, हे पण लिहून ठेवते.

10 नोव्हेंबर, रविवार

आठवड्यात तिघांना बोलावलं. पहिल्यानं दारातनंच मोबाईलवर चार फोटो काढले आणि दहा मिनिटांत आकडा सांगितला, चार लाख ऐंशी हजार मालासहित, पंचेचाळीस दिवसांत किल्ली हातात, उद्या पन्नास हजार उचल द्या. बजेट तेच, दिवस तेच, ऐकायला इतकं बरं वाटलं की हे पैसे काढायलाच निघाले होते. पण जिन्याच्या वेळी एकानं अशीच वीस हजार उचल घेतली आणि महिनाभर तोंड दाखवलं नव्हतं, ते मी विसरले नाही. दुसरा दोनदा येतो येतो म्हणून आलाच नाही.

तिसरे मिस्त्री मामा. साठीचे असतील, बरोबर एक पोरगा. त्यांनी आधी शिडी मागितली, वर चढले, कौलं उचलून खालचे वासे नखानं टोकरून बघितले. मग खाली येऊन पहिला प्रश्न, "वैनी, पाऊस कुठल्या अंगानं झोडपतोय?" हा प्रश्न आधी कुणीच विचारला नव्हता. रेट विचारला तर म्हणाले दोन दिवसांनी सांगतो, आत्ता सांगितला तर तुम्ही पण फसशीला आणि मी पण.

तुमचं काम बघायचंय म्हटल्यावर आम्हाला वाटलं नवीन बंगला दाखवतील, तर ते उत्तरेश्वर पेठेतल्या एका घरी घेऊन गेले, दोन पावसाळे झालेलं काम. "नवं काम सगळ्यांचंच चांगलं दिसतंय. हितं कोपऱ्यात हात लावून बघा." लावला. कोरडा होता.

घरी येताना हेच डोक्यात घोळत होतं. टीव्हीवर घरवाल्यांना मिस्त्री शोधायला लागतच नाही, कार्यक्रम करणारा माणूसच काम करणारा, तो चॅनेलनं दिलेला, त्याचं नाव जगाला माहीत, तो काम टाकून पळणार कुठं? आम्हाला तर सगळ्यात अवघड गेलं ते हेच. टाइल्स, रंग पुढच्या गोष्टी. कुणाच्या हातात घर द्यायचं ते ठरवताना आम्ही दोघं दोन रात्री नीट झोपलो नाही.

ठरलं ते असं: नवीन स्लॅबची मजुरी उक्ती, स्क्वेअर फुटावर. जुन्या भागातली तोडफोड आणि दुरुस्ती रोजावर, कारण आत काय निघेल ते त्यांनाही माहीत नाही, आणि उक्तं घेऊन नंतर भांडण नको असं त्यांचंच म्हणणं. सगळा माल आम्ही आणायचा. उचल दहा हजार, बाकी दर शनिवारी झालेल्या कामाचे. शेवटचे दहा हजार पाऊस पडून गेल्यावर, ही अट मी घातली, त्यांनी नुसती मान हलवली.

18 नोव्हेंबर, सोमवार

आज भिंतीचा दिवस. हे कामावर असल्यानं घरात आई म्हणजे सासूबाई, लेक आणि मीच.

लेकीचं म्हणणं, हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत पूर्ण पाडायची. फिक्सर अप्परमध्ये त्याला डेमो डे म्हणतात, घण घेऊन भिंतीवर घालायचा आणि आरपार भोक. मामांनी थापी उलटी धरली आणि लाकडी मुठीनं भिंत ठोकायला लागले. वीतभर सरकायचं, ठोकायचं, कान लावायचा. खाली ठक्क असा भरीव आवाज. वर स्विचबोर्डाजवळ पोकळ ढब्ब, तिथं खडूनं गोल केला, म्हणाले हितं प्लॅस्टर सुटलंय. पार छताच्या कडेपर्यंत गेले आणि मग पोराला पुढच्या खोलीत पाठवून दोघांनी दोन्ही बाजूंनी माप घेतलं. नऊ इंची भिंत, आणि जुना स्लॅब तिच्यावर टेकलेला. वीस मिनिटं गेली असतील. लेक मोबाईल बाजूला ठेवून बघत बसली होती.

"वैनी, ही भिंत नुसती मधी उभी न्हाई, हिच्या डोक्यावर तुमचं छप्पर हाय. मी पाडत न्हाई, इंजिनिअर आणा, तो म्हनंल तसं करू."

त्यांना रोजावर पैसे मिळत होते, पाडून मोकळे झाले असते तरी आम्हाला काय कळणार होतं?

रात्री लेकीनं शोधून काढलं, अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती बहुतेक लाकडाच्या सांगाड्याच्या असतात, सोळा सोळा इंचांवर उभ्या पट्ट्या आणि दोन्हीकडनं अर्धा इंचाचं जिप्सम बोर्ड ठोकलेलं. म्हणून तिथं एका घावात भोक पडतं. ते खोटं दाखवत नाहीत, त्यांची भिंतच तशी आहे. आणि वजन पेलणारी भिंत निघाली की ते पण थांबतात, वर बीम घालतात, पण ते दोन मिनिटांत संपतं आणि मधल्या जाहिरातीनंतर भिंत नसतेच. आपल्या मनात राहतो तो घणच.

21 नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान, काम बंद. दोन बिगारी मतदानाला गावी गेलेत, ते सोमवारीच येणार. इंजिनिअर बघून गेले. पूर्ण भिंत नाही, मधला आठ फुटांचा भाग काढायचा, वर दोन लोखंडी गर्डर, म्हणजे आडव्या तुळया, जोडून, आणि गर्डर टेकायला दोन्ही टोकांना काँक्रीटच्या उशा. परवानगीचे कागद पण तेच बघतायत.

2 डिसेंबर, सोमवार

त्या दोन उशा गेल्या सोमवारी ओतल्या आणि आठ दिवस काम थांबलं. आठ दिवस! काँक्रीट पिकल्याशिवाय त्यावर वजन द्यायचं नाही. मधे रविवारी अमावस्या होती, त्या दिवशी असंही कुणी हत्यार उचलत नाही.

आज भिंत काढली. पाडली नाही, काढली. आधी जुन्या स्लॅबखाली दोन्ही बाजूंनी टेकू, मग वरनं एकेक वीट छिन्नीनं सोडवून खाली पोराच्या हातात. वीट चांगली भाजलेली आहे, म्हणून मामांनी साफ करून परड्यात रचायला लावली, ओट्याखाली वापरणार म्हणतात. दुपारी हाताला एक बंद केलेला कोनाडा लागला, आत काजळी धरलेली. आई म्हणाल्या, इथं आधी देव होते, ह्यांच्या मुंजीनंतर हलवले. त्या हात जोडून थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या, कामवाले पण थांबले, कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी गर्डर चढला. सहा माणसं लागली.

धुळीबद्दल लिहायलाच हवं. जुन्या चौकटीवर चाळीस वर्षांचे ऑइल पेंटचे थर, पोरगा ते मशीनला सॅंडपेपर लावून घासायला निघाला होता, मी थांबवलं. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. आपल्याकडं रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून, त्याआधीचा रंग म्हणजे काय सांगता येत नाही. फिक्सर अप्परवाल्यांच्या कंपनीला पण ह्याच कारणानं 2018 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला 40 हजार डॉलर दंड भरायला लागला होता, जुन्या घरांची कामं करताना शिशाच्या रंगाची काळजी नीट घेतली नव्हती म्हणून. नंतर त्यांनी सुधारणा केली आणि कार्यक्रमात त्याबद्दल सांगितलं पण. आम्ही चौकट पाण्यानं भिजवून हातानं घासायला लावली, वेळ दुप्पट गेला, जाऊ दे.

9 डिसेंबर, सोमवार

स्लॅब! दहा बाय चौदा, चौदा पोती सिमेंट. सकाळी साताला मिक्सर आला, नारळ फोडला, अकरा माणसं घमेली हातोहात देत होती आणि दीड वाजता वरचा रंधा पण फिरला. सगळ्यांना चपाती, मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा आणि भात, आईंनी पुढच्या खोलीत स्टोव्हवर केला. मामा जेवायच्या आधी परत वर जाऊन एकटेच बघून आले.

13 डिसेंबर, शुक्रवार

घरात कुणी नाही. म्हणजे कामवाला एक पण नाही. शेजारच्या काकू रोज विचारतात, काम थांबलं काय गं? थांबलं नाही, पण दिसत काही नाही.

स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या बारक्या वरंब्या घालून वाफे केलेत, भाताच्या खाचरासारखे, त्यात दोन इंच पाणी कायम पाहिजे. ही जबाबदारी माझी. पहाटे साडेपाचला नळाला पाणी येतं तेव्हा पाइप वर लावते. पहिल्या दिवशी पाणी कोमट झालं होतं, हात घातला तर खरंच कोमट, सिमेंट आतनं तापतं म्हणे. काल-परवापासून गार. वरंबी एका जागी फुटली होती आणि एक वाफा रात्रीत कोरडा पडला, करडा-पांढरा दिसायला लागला, माझा जीवच गेला. मामांना फोन केला तर म्हणाले, "भरा परत, एका रातीनं काय हुत न्हाई, पर रोज नको." काठानं बारदान भिजवून टाकलंय.

इंजिनिअरनी सांगितलं त्याप्रमाणे साधं सिमेंट असेल तर कमीत कमी सात दिवस भिजवायचं, आमच्यासारखं राख मिसळलेलं पीपीसी असेल तर दहा. मामा चौदा म्हणतात. आणि काँक्रीटची ताकद मोजायचा दिवस अठ्ठाविसावा.

एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन म्हणून एक कार्यक्रम होता, 2003 पासून एबीसी चॅनेलवर, त्यात आख्खं घर सात दिवसांत. घरच्यांना सुट्टीवर पाठवायचे आणि दिवसरात्र शेकडो माणसं. लाकूड आणि बोर्डाचं घर खिळ्या-स्क्रूनं उभं राहतं, ते भिजवायला लागत नाही, म्हणून जमतं. आपलं घर पाण्यावर वाढतं. मी हे पाच दिवस त्या गार पाण्यात हात घालून बघतेय आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं काम ह्याच दिवसांत चाललंय, टीव्हीवर ह्यातलं अर्धं मिनिट पण दिसणार नाही. लेक म्हणाली, मम्मी, रोज एक फोटो काढून ठेवूया. पाण्याचे फोटो. काढतोय.

15 डिसेंबर, रविवार

मामा काल दत्तजयंतीला नृसिंहवाडीला जाऊन आले, कवठाची बर्फी घेऊन आले. आल्या आल्या आधी वर, वाफे बघितले, मग चहा.

23 डिसेंबर, सोमवार

सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू, काढलं. खालनं स्लॅब गुळगुळीत, एका कोपऱ्यात थोडी खडी उघडी दिसत होती, ती मामांनी आपणहून दाखवली आणि लगेच भरून घेतली. आपणहून दाखवली हे मुद्दाम लिहितेय.

30 डिसेंबर, सोमवार

सोमवती अमावस्या, सुट्टी, म्हणून हिशोब करत बसले. आजपर्यंत चार लाख दहा हजार गेले आणि टाइल्स, बाथरूम, ओटा, लाईट सगळं बाकी. पाच लाखांत होत नाही हे स्पष्ट आहे. कुठं गेले? गर्डर, जोडकाम, टेकूंचं भाडं आणि इंजिनिअर मिळून 46 हजार. जुनी ड्रेनेजची लाईन फुटकी निघाली ते 28 हजार. राडारोडा न्यायला ट्रॉल्या. पुढच्या खोलीत चूल मांडून दोन महिने राहायचं त्याचा खर्च तर कुणी धरतच नाही.

ह्यात कुणी फसवलं नाही. जमिनीखालचं आणि भिंतीतलं कुणाला दिसत नव्हतं एवढंच. टीव्हीवर पण मधेच फोन येतो, वायरिंग खराब निघालंय, इतके जास्त लागतील, घरवाले हो म्हणतात आणि पुढं. त्यांनी ते कुठनं आणले ते कळत नाही. आणि फिक्सर अप्परमध्ये शेवटी दाखवतात ते सोफे, गालिचे, फुलदाण्या बजेटात नसतात, पाहिजे तर घरवाल्यांनी वेगळे विकत घ्यायचे. आम्ही सोसायटीचं एक लाखाचं कर्ज काढतोय. ह्यांनी रात्री सांगितलं, आईंना आत्ता बोलू नको.

जुना, साधा एक अमेरिकन कार्यक्रम आहे, धिस ओल्ड हाऊस, 1979 ला बोस्टनमध्ये सुरू झालेला, त्यात एकच घर कितीतरी भाग चालायचं आणि सुतार, प्लंबर आपापलं काम समजावून सांगायचे. आणि इंग्लंडचा ग्रँड डिझाइन्स, 1999 पासूनचा, त्यात घरं वर्ष-दोन वर्षं रखडतात, पैसे संपतात, लोक पावसात कॅराव्हॅनमध्ये राहतात. आईंनी तो माझ्याबरोबर बघितला. भाषा कळत नाही पण चिखल कळतो, त्या शेवटपर्यंत बसल्या.

12 जानेवारी 2025, रविवार

बाथरूम. कोबा झाला, वॉटरप्रूफिंग झालं, नहाणी ट्रॅप (पाणी जायचं भोक) बंद करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं, खाली-बाजूला ओल नाही, छान. मग टाइल्सवाला वेगळा माणूस, मोरबीच्या टाइल्स, पांढऱ्या, दिसायला सुंदर. शुक्रवारी त्यानं काम संपवून पैसे मागितले. मामांनी नुसता एक मग पाणी मागितला आणि दाराजवळ ओतला. पाणी ट्रॅपकडं निघालं, अर्ध्यात आलं आणि डावीकडं कोपऱ्यात जाऊन बसलं. परत ओतला, परत तिथंच. कुणी काही बोलेना. टाइल्सवाला म्हणाला, खराट्यानं ढकलायचं. आई म्हणाल्या, मी सत्तर वर्षांची, ह्या कोपऱ्यात पाय घसरून पडले तर? त्यावर तो गप्प झाला. सहा टाइल्स काढून परत बसवल्या, दोन फुटल्या त्याचे पैसे अर्धे त्यानं, अर्धे आम्ही. काल परत मग ओतला. सरळ ट्रॅपमध्ये.

25 जानेवारी, शनिवार

काळ्या ग्रॅनाइटचा ओटा बसला, खाली त्याच जुन्या विटा. लटकत्या फळीवरनं मात्र दोन दिवस चर्चा. लेकीला त्यावर आईंची तांब्या-पितळेची भांडी मांडायची होती. बीबीसीच्या चेंजिंग रूम्समध्ये एकदा अशीच लटकती फळी कोसळून एका बाईंच्या जुन्या चहाच्या किटल्यांचा आख्खा संग्रह फुटला होता, ते मी तिला दाखवलं. मामांनी भांडी वजन करायला लावली, बारा किलो भरली. प्लॅस्टरमध्ये नाही, आत विटेत लोखंडी ब्रॅकेट गाडून फळी बसवली, आणि सगळ्यात जड हंडा खालीच ठेवायचा ठरलं.

9 फेब्रुवारी, रविवार

राहायला आलो मागं. एकूण सहा लाख पस्तीस हजार, दिवस नव्वदच्या वर. पहिला चहा आईंनी केला. आठ फुटांच्या मोकळ्या जागेतनं त्यांना हॉलमधला टीव्ही दिसतो आणि मला कणीक मळताना त्यांच्याशी बोलता येतं, इतकी वर्षं भिंतीला पाठ करून मळत होते. लेकीचं बरोबर होतं, हे तिला सांगितलं.

मामांचे दहा हजार बाकी.

20 जुलै, रविवार

यंदा पाऊस मेमध्येच सुरू झाला आणि आता तर लागूनच राहिलाय. पातेली मांडली नाहीत. मामा न बोलावता आले, छत्री दारात ठेवली, चपला काढल्या, आधी कोपऱ्यांवरनं हात फिरवला, मग गर्डरच्या टोकाशी स्टुलावर चढून. पश्चिमेच्या खिडकीखाली त्यांचा हात थांबला. थोडी ओल आहे, वरच्या छज्जाची कड भरायची राहिलीय म्हणाले. मी दहा हजार पुढं केले. पाच घेतले.

"बाकीचं छज्जा करून. उघडीप पडू दे."

पितृपक्षाच्या आधी येतो म्हणालेत.